काचेच्या तारेला लावलेलं कुंकू

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. पुढे हाताने लिहिलं ते किराणाची यादी, गावी आईला पोस्टकार्ड आणि नोकरीच्या ठिकाणी डब्यांवरच्या चिठ्ठ्या. ही वही ट्रंकेत राहणार आहे. मग माफी कुणाची मागते आहे ते मलाच ठाऊक नाही, पण मागितल्याशिवाय पेन पुढे सरकेना.

लग्नानंतर मी दिल्लीला आले. हे सरकारी कचेरीत शिपाई होते आणि आम्हाला आर. के. पुरममध्ये क्वार्टर होतं. आजूबाजूला बरीच मराठी घरं होती. तिथल्या बायका माझ्याकडे मंगळसूत्र ओवायला आणून द्यायच्या. दिल्लीतला पटवा मणी ओवतो, पण आपल्या वाट्या कशा बसवायच्या आणि दोन्ही बाजूंचे काळे मणी कसे सारखे यायला हवेत ते त्याला समजत नाही. माझा हात बारीक कामाला बसलेला होता. बोलायचं काम नसलं की मला सगळं जमतं.

हे निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं, आणि आम्ही गुडगावच्या पुढे दोन खोल्यांत राहायला गेलो. तेव्हा तिथे इमारती आधी आल्या आणि रस्ते मागून. काचेच्या बिल्डिंगी उभ्या आणि मध्ये मोहरीची शेतं. वीज सारखी जायची, मग सगळीकडून जनरेटर सुरू व्हायचे आणि वाळत घातलेल्या कपड्यांना डिझेलचा वास लागायचा. ठेकेदाराकडून मला एका संस्थेत झाडलोटीचं काम मिळालं. दुसऱ्या मजल्यावर एक अंधारी खोली होती, दाराला काळा पडदा, आत पायांत हवा भरलेलं एक भलंमोठं टेबल. ती खोली पुण्याहून आलेल्या एका मॅडमची. वयाने माझ्या थोरल्या मुलीएवढ्या. त्यांच्या हाताखाली एक तंत्रज्ञ होते, रोहतककडचे. त्यांना सगळे मिस्त्रीजी म्हणायचे.

त्या खोलीत मी दोन महिने झाडत होते, पण कुणाशी एक शब्द बोलले नव्हते. एक दिवस मॅडम काचेची तार एका चक्रीवर गुंडाळत होत्या. केसाएवढी तार. ती तिसऱ्यांदा तुटली तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले आणि तशाच बसून राहिल्या. मला राहवलं नाही. मी करून बघू का, असं विचारलं. मिस्त्रीजी हसले.

"आंटीजी, ये ऊन का गोला नहीं है."

मी हात धुतले, कोरडे केले आणि बसले. तार ओढायची नसते, तिला तिच्या वजनाने येऊ द्यायची असते, मण्यांच्या दोऱ्यासारखी. पूर्ण चक्री भरली तरी तुटली नाही. मिस्त्रीजींनी स्वतः उठून मला चहा आणून दिला. दुसऱ्या दिवसापासून सकाळी झाडू आणि अकरानंतर तार असं माझं काम ठरलं. तारेवरची साल काढायची, स्पिरिटने पुसायची, आणि काचेचे बारीक तुकडे चिकटपट्टीने टिपून बंद डब्यात टाकायचे, कारण ते बोटात गेले तर दिसतही नाहीत.

त्या तारेच्या काचेत अर्बियम नावाचा एक पदार्थ अगदी नावापुरता मिसळलेला असतो. मॅडम म्हणाल्या, याला दुर्मिळ माती म्हणतात. साध्या तारेतून प्रकाशाची लाट सोडली की ती सरळ निघून जाते. या तारेत तिला आवरता येतं, मागे ठेवता येतं, पुढेही ढकलता येतं. मॅडमचं सगळं काम तेवढंच होतं. एका यंत्राच्या छोट्या पडद्यावर दोन उंचवटे दिसायचे. पिवळा उंचवटा म्हणजे तारेबाहेरून थेट आलेला प्रकाश आणि निळा म्हणजे तारेतून आलेला. निळा पिवळ्याच्या मागे राहिला की प्रकाश मंद झाला, पुढे गेला की वेगवान.

मी बराच वेळ बघत राहिले आणि मग विचारलं, कोरड्या दंडाला पाणी सोडल्यासारखं आहे का हे? मॅडमना दंड म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मी सांगितलं, शेतात पाणी न्यायचा मातीचा पाट. त्यात पाणी सोडलं की पहिलं पाणी माती पिऊन टाकते. माती भिजली की मागचं पाणी पुढे जातं. म्हणजे पाण्याचा फुगवटा उशिरा पोचतो, पाणी हळू चालतं म्हणून नव्हे, तर पुढचं प्यायलं गेलं म्हणून.

मॅडमनी खडूने फळ्यावर एक लांब रेघ ओढली. मग म्हणाल्या, अगदी हेच. आणि उलटं कसं होतं तेही सांगितलं. दुसरा एक लेझर या मातीला आधीच इतकं भिजवून ठेवतो की माती स्वतःच पाणी द्यायला लागते. मग जे पहिलं येतं ते जास्त घेऊन जातं आणि मागच्याला कमी उरतं. फुगवटा पुढे सरकतो. हा दुसरा लेझर लावला की तार हिरवी उजळायची. मुगाच्या कोवळ्या पानाचा रंग असतो ना, तसा. पण खरा प्रकाश तो नव्हे, खरा दिसतच नाही. म्हणून तारेच्या टोकात कधीही डोळा घालायचा नाही, हे मिस्त्रीजी मला रोज बजावायचे.

त्या वर्षी दिवाळीनंतर दिल्लीहून तीन जणांची समिती येणार होती. निळा उंचवटा मागून पुढे जाताना त्यांना समोर दिसला, तर मॅडमचं काम आणखी चालू राहणार. नाही दिसला तर पैसे बंद, खोली दुसऱ्या कुणाला, आणि डिसेंबरात मॅडम पुण्याला परत. संस्थेच्या मोठ्या सरांनी हे सगळ्यांसमोर सांगितलं होतं. सांगताना ते हसत होते, पण मॅडम हसल्या नाहीत.

नवरात्रात मॅडम घरी घट बसतात म्हणून पुण्याला गेल्या. किल्ली माझ्याकडे होती. विश्वकर्मा पूजेला मिस्त्रीजींनी खालच्या लेथ मशीनला हार घातला होता, लाडू वाटले होते, पण वरच्या खोलीत कुणी काही केलं नव्हतं. खंडेनवमीला मला वाटलं, ज्या हत्यारांवर आपलं पोट चालतं त्यांना आपल्याकडे कोरडं ठेवत नाहीत. मी घरून हळदकुंकू, अक्षता आणि झेंडू घेऊन गेले. टेबल पुसलं. एकेका यंत्राला बोट टेकवलं. दुसऱ्या लेझरच्या तारेच्या टोकावर प्लास्टिकची छोटी टोपी असते. मला वाटलं, पूजा करायची आणि तोंड झाकून करायची? मी टोपी काढली, भोवतीच्या धातूच्या कड्याला कुंकू लावलं, नमस्कार केला आणि टोपी परत बसवली. तारेला हात लावला नाही. मला वाटलं, मी फार जपून केलं.

दसऱ्यानंतर मॅडम आल्या. झेंडू बघून खूश झाल्या. यंत्रांवरचं हळदकुंकू त्यांनी पुसू दिलं नाही, राहू दे म्हणाल्या. दुपारी तार जोडली, दारचा पडदा ओढला, लेझर चालू करून त्याचा जोर वाढवायची खुंटी हळूहळू वर नेली. तार हिरवी झाली. मग अचानक काळोख झाला. दिवे आधीच बंद होते, पण तारेचा तेवढा उजेडही गेला. पडद्यावर निळी रेघ सपाट पडली.

मॅडमनी तारेचं टोक छोट्या दुर्बिणीखाली धरलं. मलाही बघायला दिलं. गोल पांढऱ्या चकतीच्या मधोमध काळा खड्डा होता. एवढ्याशा जागेत इतका प्रकाश कोंबलेला असतो की तिथे धुळीचा कण बसला तर तो पेटतो, आणि प्रकाश उलटा फिरून लेझरलाही मारतो. लेझर मेला होता. मॅडमनी टोक पांढऱ्या कागदावर पुसलं. कागदावर जळका तांबूस डाग आला.

"जंग लगा है," मिस्त्रीजी म्हणाले.

मॅडम म्हणाल्या, हा धातू गंजत नाही. मी नसताना टोपी कुणी काढली? त्या मिस्त्रीजींकडे बघत होत्या. यंत्रांना बाहेरून कुंकू लावणारी मी टोपीही काढीन, हे त्यांच्या मनातही आलं नसावं. मिस्त्रीजी म्हणाले, मैंने हाथ नहीं लगाया. मी हातात झाडू घेऊन उभी होते आणि माझ्या उजव्या हाताचं अनामिकेचं बोट मी डाव्या मुठीत धरून ठेवलं होतं.

त्या रात्री जेवले नाही. ह्यांनी विचारलं तर डोकं दुखतंय म्हणाले. पुढचे चार दिवस मॅडम आणि मिस्त्रीजी एकमेकांशी कामापुरतं बोलत होते, तेही इंग्रजीत. संस्थेतून नवा लेझर घ्यायचा तर तीन कोटेशनं, फाईल, सह्या, आणि माल बाहेरून येणार. तोवर होळी आली असती. मॅडम दिवसभर फोनवर असायच्या. मी लाद्या पुसायचे आणि त्याच त्याच लाद्या परत पुसायचे. रोज घरून निघताना ठरवायचे की आज सांगायचं, आणि जिना चढेपर्यंत शब्द संपायचे. मनात एक घाणेरडा विचारही आला, तो लिहायलाच हवा. मिस्त्रीजी पुरुष आहेत, कायम नोकरीत आहेत, त्यांना काही होणार नाही. मी ठेक्यावर आहे.

पाचव्या दिवशी मिस्त्रीजी खिडकीपाशी कागद घेऊन बसलेले दिसले. दोन ओळी लिहून खोडत होते. कार्यालयाने त्यांच्याकडून लेखी जवाब मागितला होता.

"आंटीजी, चौदह साल में पहली बार जवाब लिख रहा हूँ," ते म्हणाले. "हिंदी भी भूल गया."

मी म्हणाले, मत लिखिए. त्यांनी वर बघितलं. मी त्यांच्या हातातला कागद घेतला, घडी घातली, आणि तो घेऊनच मॅडमच्या बसायच्या खोलीत गेले. बसा म्हणाल्या, पण मला बसता आलं नाही.

"मॅडम, टोपी मी काढली. खंडेनवमीला. तो गंज नाही, माझं कुंकू आहे."

बाहेर जनरेटर चालू होता, तो बंद झाला.

"त्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"मला बोलता येत नाही, मॅडम."

"आता बोललात की." त्यांनी कपाळ दाबून धरलं. "मावशी, माझी आई वॉशिंग मशीनला हळदकुंकू लावते. पण झाकण लावून लावते हो. चार दिवस मी त्या माणसाशी कशी वागले. तुम्ही समोर उभ्या होतात."

त्या म्हणाल्या, आज घरी जा. रागावून म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या थकलेल्या दिसत होत्या. दारापर्यंत गेले तेव्हा मागून त्यांनी हाक मारली आणि उद्या यायचं आहे असं सांगितलं. आणि कार्यालयात त्यांनी माझं नाव सांगितलं नाही. ‘माझ्याच गैरहजेरीत माझ्या खोलीत झालं, जबाबदारी माझी’ असं मॅडमनी लिहून दिलं, हे मला नंतर मिस्त्रीजींकडून कळलं.

ओखल्याच्या एका विक्रेत्याकडे तसला एक लेझर निघाला. कुठल्याशा टेलिफोन कंपनीच्या रद्द झालेल्या ऑर्डरीतला उरलेला. मॅडमनी स्वतःच्या खिशातून घेतला. किंमत मी मिस्त्रीजींना विचारून घेतली. माझा सात महिन्यांचा पगार होईल एवढी. मी मॅडमना म्हणाले, हे पैसे मी फेडणार. त्या म्हणाल्या, वेड्यासारखं बोलू नका, आधी समिती येऊन जाऊ दे.

मिस्त्रीजी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी नवी तार माझ्यापुढे ठेवत म्हणाले, "लो आंटीजी, पिछले लेज़र की तो आपने शादी करा दी. इसको कुँवारा रहने दो." मला हसायचं होतं, पण रडू आलं, आणि ते घाईघाईने पाना शोधायला निघून गेले.

दिवाळीत मी घरी करंज्या केल्या, पण मन खोलीतच होतं. जोड पुन्हा करायचा होता. मॅडमच्या हातून तार दोनदा तुटली, म्हणून तार सोलून, पुसून, चिमट्यात बसवून मीच दिली. टोपी काढायची वेळ आली तेव्हा मी हात मागे घेतले. मॅडम म्हणाल्या, काढा. मी काढली.

समिती आली त्या दिवशी मला दारच्या काळ्या पडद्यापाशी उभं केलं होतं. सांगितलं की ओढायचा, सांगितलं की सोडायचा. तिघे जण, मोठे सर, मॅडम, मिस्त्रीजी. मॅडमनी सुरुवात केली आणि वीज गेली. बॅटरीचं यंत्र टिटि करत राहिलं. जनरेटर लागला, पण लेझर निवून स्थिर व्हायला वेळ लागतो, आणि समितीतल्या एका गृहस्थांनी घड्याळ बघितलं.

मग पडद्यावर दोन उंचवटे आले. निळा मागे होता. इथवर ठीक. मॅडमनी खुंटी वर न्यायला सुरुवात केली. निळा थोडा पुढे आला आणि पिवळ्याच्या अलीकडे अडला. खुंटी आणखी वर. नाही हलला. मॅडमचा आवाज बदलला नव्हता, त्या इंग्रजीत समजावत होत्या, पण त्यांचा दुसरा हात साडीच्या काठाशी काहीतरी चुरगळत होता. मोठे सर पुढे झुकले. मिस्त्रीजींनी माझ्याकडे बघितलं.

सगळे पडद्याकडे बघत होते. मला पडद्यातलं फारसं कळत नाही, म्हणून मी तारेकडे बघत होते. रोज बघायचे तशी. त्या दिवशी ती सारखी उजळलेली नव्हती. चक्रीवर जायच्या आधी, टेबलाच्या कडेला, एकाच जागी हिरवा ठिपका लखलखत होता आणि त्याच्या पुढची सगळी तार फिकट होती. म्हणजे भिजवायचं पाणी वाटेतच फुटत होतं. घड्याळ बघणाऱ्या गृहस्थांनी काळोखात आपली चामडी बॅग टेबलाच्या कडेला टेकवली होती.

परक्या पुरुषांसमोर मी आयुष्यात बोलले नव्हते. मला मिस्त्रीजींचा तो खोडलेला कागद आठवला.

"मॅडम," मी म्हणाले, "तार दबली आहे. बॅगेखाली."

खोलीतले सगळे वळले. मोठ्या सरांनी कोण बोललं ते शोधलं. मॅडमनी काही न विचारता बॅग उचलून त्या गृहस्थांच्या हातात दिली आणि तार बोटाने अलगद सरळ केली. ठिपका विझला. हिरवा रंग पूर्ण चक्रीभर पसरला. पडद्यावरचा निळा उंचवटा उचलला गेला, त्याने पिवळ्याला गाठलं आणि तो त्याच्या पुढे गेला. फार नाही, बोटाच्या पेराएवढा. पण गेला. मॅडमनी खुंटी खाली आणली, तो मागे आला. वर नेली, पुढे गेला. तीन वेळा करून दाखवलं.

एकांनी काहीतरी विचारलं आणि बाकीचे हसले. नंतर मला कळलं, प्रकाश निघायच्या आधीच पोचतो का, असं ते विचारत होते. मॅडमनी मान हलवली आणि टेबलावर बोटाने एक लांब रेघ ओढून दाखवली, मग हाताने पाणी सोडल्यासारखं केलं. त्यातला इंग्रजी शब्द एकही मला कळला नाही, पण दंड मी ओळखला.

पंधरा दिवसांनी कागद आला. काम आणखी दोन वर्षं चालू. मॅडमनी पेढे मागवले आणि पहिला मिस्त्रीजींना दिला.

पैशांचा विषय मी पुन्हा काढला. त्या नाही म्हणाल्या. मी म्हणाले, तुम्ही घेणार नसाल तर मला त्या तारेला हात लावता येणार नाही. मग त्या बरं म्हणाल्या. पगारातून निघण्यासारखं नव्हतं. मी पुन्हा मणी ओवायला लागले. रविवारी बसने आर. के. पुरमला जायचे, जुन्या शेजारणींकडून मंगळसूत्रं आणायची, पुढच्या रविवारी पोचवायची. जानेवारीत मराठी मंडळाची बस पानिपतच्या लढाईच्या स्मारकाला, काला अंबला गेली, तिच्यात मीही गेले, आणि परतताना बसमध्येच सहा जणींनी ओवायला दिली. हे म्हणायचे, अगं, देवाच्या पूजेची कुणी भरपाई करतं का? मी म्हणायचे, देवाची नाही, टोपीची करते आहे. दर दोन-तीन महिन्यांनी पाकीट द्यायचे. मॅडम ते न उघडता पर्समध्ये टाकायच्या. मला ते लागायचं.

शेवटचं पाकीट दिलं तेव्हा पुन्हा नवरात्र जवळ आलं होतं, कुंकवाच्या त्या नवरात्रानंतरचं दुसरं. मी म्हणाले, मॅडम, हे मोजून घ्या. त्यांनी टेबलावरचा चष्मा लावला, पाकीट उघडलं, आणि एकेक नोट ओठांत पुटपुटत मोजली. मध्ये चुकल्या, पुन्हा पहिल्यापासून मोजली. मी उभी होते. मिस्त्रीजी दारात थांबले होते.

"बरोबर आहेत, मावशी," त्या म्हणाल्या. "पूर्ण झाले."